तात्यांची चिठ्ठी

"तात्या उपाशी राहतायत आणि तुम्ही नुसत्या बघत बसलाय?"

विश्वंभर माझ्यावर ओरडला तेव्हा बुधवारी दुपारचा एक वाजला होता. त्याच्या वडिलांसमोर ताट होतं. डावीकडची भाजी आणि अर्धी पोळी संपली होती, उजवीकडचा वरणभात जसाच्या तसा होता. तात्या चमचा धरून ताटातल्या रिकाम्या जागेकडे बघत होते. पोट भरलेलं नाही आणि ताट मात्र संपलंय, असा तो चेहरा होता.

मी पुढे झाले. ताट धरलं आणि अर्धं फिरवलं. उजवीकडचा भात डावीकडे आला.

तात्या दचकले. "बरं का!" म्हणाले आणि जेवायला लागले.

विश्वंभरने माझ्याकडे पाहिलं. "हे काय झालं?"

"त्यांना उजवीकडचं दिसत नाही," मी म्हणाले. "झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आलाय. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं आणि उजवीकडची नजरही गेली. डोळे चांगले आहेत, पण त्या बाजूला काही आहे हेच त्यांना कळत नाही. तुम्हीसुद्धा डावीकडून येत जा. उजवीकडून येता म्हणून ते दचकतात."

तो हळूच पलंगाला वळसा घालून डावीकडे आला. तात्यांना तो दिसला तसे ते हसले. विश्वंभर डोळे पुसत म्हणाला, "सिस्टर, चुकलं माझं. तीन आठवडे मी चुकीच्या बाजूला बसत होतो."

मी, एस्तेर वाघचौरे, मूळची नगर जिल्ह्यातली. तेव्हा दिल्लीतल्या एका मोठ्या इस्पितळात नर्स होते. त्या वॉर्डात मराठी समजणारी मी एकटीच, म्हणून खासदार मारोतराव भुसारे माझ्याकडे आले. गोदावरीच्या काठचा त्यांचा मतदारसंघ. चार वेळा निवडून आलेले, वय त्र्याहत्तर. सगळे त्यांना तात्या म्हणत. झटका आल्यापासून त्यांच्या तोंडात एवढाच शब्द उरला होता : बरं का. चाळीस वर्षं भाषणं केली, त्यातलं तेवढं राहिलं. चहा हवा असला तरी बरं का, पाठ दुखली तरी बरं का.

पण डोकं शाबूत होतं. ते मी दुसऱ्याच दिवशी ताडलं. त्यांच्या डाव्या हातात माझा हात दिला आणि सांगितलं, "तात्या, हो असेल तर एकदा दाबा. नाही असेल तर दोनदा."

"तुमचं नाव मारोतराव?" एकदा दाबला.

"तुम्ही पुण्याचे?" दोनदा दाबला, आणि असं तोंड केलं की मला हसू आलं.

तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं.

त्या वर्षी लोकसभा त्रिशंकू होती. कोणालाच बहुमत नव्हतं. तात्यांच्या पक्षाने बाहेरच्या छोट्या पक्षांचा टेकू घेऊन सरकार बनवलं होतं. आज हा रुसला, उद्या तो रुसला, असं सात महिने चाललं होतं. इस्पितळाच्या कॅन्टीनमध्येसुद्धा माणसं सकाळी एकमेकांना विचारत, "आहे का अजून?" म्हणजे सरकार.

तात्या पक्षाचे जुने मानकरी. पण झटका आला त्याच दिवशी ते पक्षाच्या बैठकीत भांडले होते. ते मला विश्वंभरने सांगितलं. त्यांच्या मतदारसंघात उमरगव्हाण नावाचं गाव आहे. उन्हाळ्यात तिथली माणसं पाण्याच्या टँकरसाठी रिकामे हंडे घेऊन तहसील कचेरीवर गेली, गर्दी पांगेना म्हणून पोलिसांनी गोळ्या झाडल्या. नऊ माणसं मेली. तात्या त्या नऊही घरी गेले आणि चौकशी लावतो असा शब्द देऊन आले. पण गोळीबाराचा हुकूम ज्याच्या तोंडून गेला म्हणत होते, तो पुढारी एका छोट्या पक्षाचा होता. त्या पक्षाचे चार खासदार सरकारच्या टेकूला होते. चौकशी लावली तर चौघे जाणार आणि सरकार पडणार. म्हणून चौकशी गुंडाळली.

तात्या बैठकीत उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "नऊ माणसांवर उभं राहिलेलं सरकार मला नको. ठराव आला तर माझं मत धरू नका." बाहेर आले आणि पायऱ्यांवर कोसळले.

आता ठराव आला होता. सरकारवर विश्वास आहे की नाही, शुक्रवारी मतदान.

त्याच बुधवारी, जेवणानंतर, धनेश्वर नावाचे गृहस्थ आले. पक्षाचं महाराष्ट्राचं काम बघणारे. तात्यांना त्यांनी दारातूनच हात जोडले आणि विश्वंभरला व्हरांड्यात घेऊन गेले. मी तिथेच औषधांच्या कपाटापाशी होते. नर्स असली की माणसं भिंत समजून बोलतात.

"दोन्हीकडे बरोबर सारखी मतं होतायत," धनेश्वर म्हणाले. "तात्या आले तर वाचतो, नाही आले तर संपलं. त्यांना आणा."

"आणि त्यांनी विरोधात दिलं तर?"

"ते तुम्ही बघायचं. विश्वंभरराव, तुमचं वय किती? एक्केचाळीस? वडिलांनी तुम्हाला काय केलं? साधं जिल्हा परिषदेचं तिकीट दिलं नाही. घराणेशाही नको म्हणाले. आम्ही महामंडळाचं अध्यक्षपद देतो, पुढच्या वेळी याच जागेचं तिकीट देतो. लिहून देऊ?"

विश्वंभरने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. पण त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. तो माणूस तीन आठवडे बाकावर झोपला होता. वडिलांची घाण त्याने स्वतःच्या हाताने काढली. आयाबाई येईपर्यंत थांबायचाही नाही.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "सिस्टर, तात्यांना विचारा, संसदेत यायचंय का."

मी हात दिला. "तात्या, शुक्रवारी मतदान आहे. जायचंय?"

त्यांनी एकदा दाबला. इतक्या जोराने की माझी अंगठी बोटात रुतली.

विश्वंभर बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "कुठल्या बाजूने देणार, ते विचारलं नाहीत?"

"ते माझं काम नाही."

"बरोबर. विचारूही नका." तो जायला निघाला, दोन पावलांवर वळला. मग म्हणाला, "सिस्टर, ते उजवीकडचं… सुधारेल का कधी?"

"सांगता येत नाही. मान वळवायला शिकवलं तर थोडं भागेल."

"शुक्रवारपर्यंत नाही ना?"

मला वाटलं, बापाची काळजी.

डॉक्टर हलवायला तयार नव्हते. विश्वंभरने जोखमीच्या कागदावर सही केली. शुक्रवारी दुपारी तीनला आम्ही अँब्युलन्सने निघालो. मी तात्यांना धुतलेलं धोतर नेसवलं होतं, टोपी घातली होती. रस्त्यात ते डोळे मिटून होते. मी विचारलं, "बरं वाटतंय?" एकदा हात दाबला.

सभागृहाच्या आत आम्हाला न्यायचं नव्हतं. अध्यक्षांनी खास परवानगी दिली होती : आजारी सदस्याने बाहेरच्या लॉबीत मत द्यायचं, सोबत एक नातेवाईक आणि एक नर्स. लाकडी भिंतींची लांबट खोली होती ती. आतून गलका ऐकू येत होता. दारापाशी सचिवालयाचे एक अधिकारी उभे होते, माथूर नावाचे, चष्मा लावलेले, सावकाश बोलणारे. धनेश्वर होते, आणि लक्ष ठेवायला दोन्ही बाजूंचा एकेक खासदार. विरोधी बाजूचे खासदार मराठीच होते, साळुंखे नावाचे, आडदांड. त्यांनी तात्यांना वाकून नमस्कार केला.

माथूरांनी सगळ्यांना समजावलं. ठरावाच्या, म्हणजे सरकारच्या बाजूने असेल तर हिरवी चिठ्ठी, विरोधात असेल तर लाल. सदस्याने आपल्या हाताने उचलायची. सही जमत नसेल तर अंगठा. कोणी हात लावायचा नाही, काही सुचवायचं नाही.

चाकाच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी ठेवली होती. माथूर चिठ्ठ्या ठेवायला लागले तेव्हा विश्वंभर पुढे झाला. "असं ठेवा साहेब, म्हणजे त्यांचा हात पुरेल," म्हणाला. हिरवी चिठ्ठी त्याने डाव्या कडेला सरकवली आणि लाल पार उजव्या टोकाला. माथूरांना त्यात वावगं वाटलं नाही. त्यांनी मान डोलावली.

मला क्षणभर काहीच कळलं नाही. खोटं कशाला सांगू, मी तात्यांची टोपी सारखी करत होते.

"भुसारेसाहेब," माथूर हिंदीत म्हणाले, "आपली इच्छा असेल ती चिठ्ठी उचला."

तात्यांचा डावा हात फळीवर आला. हिरव्या चिठ्ठीवर थांबला. तिथून पुढे सरकला, फळीच्या मधोमध चाचपला, परत आला. "बरं का?" ते म्हणाले. पुन्हा चाचपलं. "बरं का?"

"तात्या, चिठ्ठी उचला," विश्वंभर म्हणाला.

तात्यांनी हिरवी चिठ्ठी उचलली आणि डोळ्यांसमोर उलटसुलट करून बघितली. आणि त्यांचा चेहरा मला दिसला. बुधवारी ताटासमोर होता, तोच.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ही युक्ती विश्वंभरला कोणी शिकवली? मीच शिकवली होती. चमचा, ताट, भात घेऊन.

माथूर शाईची डबी उघडत होते.

"थांबा," मी म्हणाले.

खरं तर मला बोलायचं नव्हतं. माझी नोकरी होती, गावाकडे आई होती. पण शब्द गेला होता.

"सिस्टर!" विश्वंभर म्हणाला.

"साहेब, त्यांना उजवीकडचं दिसत नाही. त्यांच्यासमोर एकच चिठ्ठी आहे. दुसरी आहे हे त्यांना माहीतच नाही."

माथूरांनी डबी खाली ठेवली. मग साळुंखे पुढे आले. "काय? काय म्हणालात बाई?"

"फळी फिरवून बघा," मी माथूरांना म्हणाले.

माथूरांनी हिरवी चिठ्ठी तात्यांच्या हातातून काढून घेतली, दोन्ही चिठ्ठ्यांच्या जागा बदलल्या. आता लाल डावीकडे आली. तात्यांचा हात आला आणि त्यांनी लाल चिठ्ठी उचलली. या वेळी चाचपडले नाहीत.

"बघितलं?" साळुंखे गरजले. "हे त्यांचं खरं मत! आणि हे काय चाललं होतं? खासदाराला आंधळा करून मत चोरत होतात? मी आत्ता सभागृहात जाऊन सांगतो. ह्या पोराला इथून तुरुंगात पाठवतो की नाही बघा!"

"कसलं खरं मत?" धनेश्वर घामाघूम झाले होते. "सिस्टरच म्हणतायत, समोर दिसेल ते उचलतात. मग लाल तरी कशी खरी?"

"ते ठरवू. दोन्ही दिसत असताना लाल उचलली, की सिद्ध झालं. मघाची हिरवी चोरीची होती."

माथूरांनी कपाळाचा घाम पुसला. मला विचारलं, "यांना समजतं तरी का? नसेल तर मला तसा अहवाल द्यावा लागेल, मत रद्द होईल."

"सगळं समजतं," मी म्हणाले. "चिठ्ठ्या एकाखाली एक ठेवा. दोन्ही डावीकडे."

त्यांनी तशा ठेवल्या. वर हिरवी, खाली लाल. मी तात्यांच्या डाव्या कानाशी वाकले.

"तात्या, तुमच्यासमोर दोन चिठ्ठ्या आहेत. वरची बाजूने, खालची विरोधात. मघाशी तुम्हाला एकच दिसत होती. दुसरी उजवीकडे ठेवली होती."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. समजलं त्यांना. मी नर्स आहे, समजल्याचं मला दिसतं. मग त्यांनी मान वळवायला सुरुवात केली, उजवीकडे. हे ते कधी आपणहून करत नसत. हळूहळू, खांद्यापर्यंत मान वळवली आणि त्यांना विश्वंभर सापडला.

विश्वंभर भिंतीला पाठ लावून उभा होता. रंग उडालेला, ओठ कोरडे. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, पण त्या वेळी शाळेत पकडला गेल्यासारखा दिसत होता. दाराशी सुरक्षेचा एक जवान येऊन उभा राहिला होता. साळुंख्यांनी त्याला खूण केली होती बहुतेक.

तात्या बराच वेळ मुलाकडे बघत राहिले. "बरं का," अगदी हळू म्हणाले. मग मान परत आणली. हात उचलला आणि वरची चिठ्ठी घेतली.

हिरवी.

"तात्या!" साळुंखे ओरडले. "तात्या, नीट बघा! उमरगव्हाणची नऊ माणसं! तुम्ही शब्द दिला होता!"

"सूचना नको," माथूर म्हणाले. त्यांनी चिठ्ठी पुन्हा फळीवर ठेवली आणि पुन्हा विचारलं. तात्यांनी पुन्हा हिरवीच उचलली. माथूरांनी तात्यांचा अंगठा शाईत बुडवला, चिठ्ठीवर टेकवला.

धनेश्वरांचा आवाज लगेच चढला. "आता बोला! कसली चोरी? दोन्ही वेळा हिरवीच. पोराने फक्त फळी सारखी केली." साळुंखे दार ढकलून आत गेले. जवान बाजूला झाला.

मी तात्यांच्या अंगठ्याची शाई पुसायला घेतली. वाटलं, एस्तेर, म्हाताऱ्याला हिरवीच द्यायची होती आणि तू भरल्या सभेत त्याच्या मुलाची अब्रू घेतलीस. विश्वंभर माझ्याकडे न बघता निघून गेला.

आम्ही अँब्युलन्समध्ये बसलो तेव्हा ड्रायव्हरच्या रेडिओवर निकाल लागला. सरकार एका मताने वाचलं. ड्रायव्हरने मागे वळून तात्यांना सलाम केला.

तात्या छताकडे बघत होते. मी त्यांचा हात हातात घेतला.

"तात्या, माझी चूक झाली का? तुम्हाला हिरवीच द्यायची होती?"

एकदा दाबला. मी सुटकेचा श्वास घेणार, एवढ्यात दुसऱ्यांदा दाबला.

मला वाटलं, हात थकलाय. "तात्या, पुन्हा विचारते. तुम्हाला लाल द्यायची होती?"

एकदा. आणि मग थांबला.

"मग हिरवी का घेतली?" असा प्रश्न त्यांना विचारून उपयोग नव्हता. हो आणि नाही एवढंच तर त्यांच्याकडे होतं. मी बघत राहिले. साळुंख्यांचं बोलणं आठवलं. लाल उचलली की सिद्ध झालं. मघाची हिरवी चोरीची होती. तुरुंगात पाठवतो.

"विश्वंभरसाठी?" मी विचारलं.

त्यांनी हात एकदा दाबला आणि सोडलाच नाही. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, उजव्यातूनही आलं. इस्पितळ येईपर्यंत आम्ही तसेच होतो. मी गप्प बसले असते तर त्यांचं मत चोरीला गेलं असतं, पण त्यांना ते कळलं नसतं. माझ्या खरं बोलण्याने त्यांच्यासमोर नऊ माणसं आणि एक मुलगा असं ठेवलं, आणि निवडा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी विश्वंभर पेढे घेऊन आला. माझ्यासमोर खोका धरला. "सिस्टर, मी रागावलो होतो. पण झालं ते बरं झालं. तात्या माझ्या बाजूनेच होते हो. मी उगाच घाबरलो."

मी पेढा घेतला नाही. म्हणाले, "तुमच्या बाजूने होते. सरकारच्या नव्हते." आणि अँब्युलन्समधलं सांगितलं.

तो ऐकता ऐकता फरशीवर बसला. खोका बाजूला पडला. किती वेळ बसला होता कोण जाणे. मग उठला, आत गेला आणि पलंगाच्या उजव्या बाजूला, तात्यांना न दिसणाऱ्या बाजूला उभा राहून रडला. तात्या खिडकीकडे बघत होते.

मतदानानंतर अकराव्या दिवशी तात्या गेले. दुसरा झटका.

तेराव्यानंतर उमरगव्हाणला शोकसभा होती. तात्यांच्या बायकोने, गयाबाईंनी, निरोप धाडला की ज्या पोरीने त्यांचं शेवटचं केलं तिला बघायचंय. मी रजेवर नगरला आले होते. जीप आली, गेले. मांडव होता, तात्यांचा हार घातलेला फोटो होता. विश्वंभर पांढऱ्या कपड्यांत, आता महामंडळाचा अध्यक्ष. धनेश्वरांनी भाषण केलं. "मरणाच्या दारात असतानाही तात्यांनी हिरवी चिठ्ठी उचलून सरकार वाचवलं." पुढच्या रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. मागे कोणी वाजवल्या नाहीत.

मागून एक बाई उठली. काळी, उंच, पन्नाशीची. शेजारीण माझ्या कानात म्हणाली, "सोजरबाई. तिचा अंकुश गोळीत गेला. एकोणीस वर्षांचा."

सोजरबाई मांडवाच्या मधोमध येऊन उभी राहिली. "मला या माणसाचं नगं," तिने धनेश्वरांकडे हात केला. "ती दवाखान्याची बाई आलीया म्हणत्यात. ती कुटं हाय?"

मी उभी राहिले.

"बाई, तात्या माझ्या वट्यावर बसले व्हते. माझ्या हाताचं पाणी पिऊन बोलले, सोजर, मी आंकुशला इसरणार न्हाई. त्यो मानूस हिरवी उचलील का? तुमी तितं व्हता. तुमच्या देवाला स्मरून सांगा. कुनी त्येंचा हात तर धरला न्हाई?"

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. गयाबाई बघत होत्या. मी विश्वंभरकडे पाहिलं. त्याला बोलायला वेळ होता. मी मनात पाचपर्यंत मोजले, दहापर्यंत मोजले. तो समोरच्या सतरंजीकडे बघत राहिला.

खरं सांगितलं असतं, तर तात्यांनी आपला शब्द मोडून जे झाकलं होतं तेच मी उघडं केलं असतं. एकदा मी खरं बोलले होते. त्याची किंमत मी बघितली होती.

"कोणी हात धरला नाही," मी म्हणाले. "हिरवी त्यांनी स्वतः उचलली."

सोजरबाईने फोटोकडे पाहिलं. मोठ्याने नाही, साध्या आवाजात म्हणाली, "मंग मेला त्ये बरं झालं."

ती वळली आणि चालायला लागली. तिच्यामागे एकेक करून माणसं उठली. मांडव अर्धा रिकामा झाला. गयाबाईंच्या तोंडावर पदर होता. आपल्या बापाबद्दल असं ऐकूनही विश्वंभर उठला नाही. मला जेवण गेलं नाही. त्याच जीपने परत आले.

तात्यांनी वाचवलेलं सरकार पाच महिन्यांनी पडलं. दुसऱ्याच एका छोट्या पक्षाने टेकू काढला. गोळीबाराची चौकशी झाली नाही, नंतरच्यांनीही केली नाही. विश्वंभरला तिकीट मिळालं. उमरगव्हाणच्या पेटीतून त्याला अकरा मतं मिळाली आणि तो पडला. पुढे राजकारण सोडलं म्हणतात.

मला मात्र ती बाई सुटेना. ड्यूटीवर, जेवताना, चर्चमध्ये गुडघे टेकले तरी तिचं ते वाक्य ऐकू यायचं. निवडणुकीनंतर, नाताळच्या सुट्टीत, मी तिला पत्र लिहिलं. ताटापासून अँब्युलन्सपर्यंत सगळं लिहिलं, काही वगळलं नाही. शेवटी लिहिलं, तुम्हाला गावात सांगायचं तर सांगा, माझं नाव घ्या. तात्यांनी तुमच्या अंकुशला विसरून ते केलं नाही.

दीड महिन्याने पोस्टकार्ड आलं. अक्षर कोणा शाळकरी मुलीचं होतं, मायना व्यवस्थित, पण बोलणं सोजरबाईचंच होतं.

"तुमचं पत्र मिळालं. नातीनं दोनदा वाचून दाखवलं. गावात सांगितलं न्हाई, सांगणार बी न्हाई. गयाबाईला तेवढं जाऊन सांगितलं. दोघी लई रडलो. मी तात्याला वाईट बोलले त्येची माफी त्येंच्या फोटोला मागितली. बाई, माझा आंकुश भितीला पाठ लावून उभा असता, आन माझ्या म्होरं चिठ्ठ्या असत्या, तर मी बी हिरवीच उचलली असती."